मुरुमांवरचे मलम आणि अर्धवट उपचार

संपादक महाशय, स. न. वि. वि.

राजवाड्याजवळच्या एका औषधाच्या दुकानात माझ्या भाचीने मुरुमांवर काही मागितले, तेव्हा विक्रेत्याने डॉक्टरांची चिठ्ठी न पाहताच क्लिंडामायसिनचे जेल काढून दिले आणि तिने ते सात-आठ महिने, दुसरे काहीही न लावता, वापरले. सुरुवातीला गुण आला, पुढे मुरुमे होती तशीच परतली. हे प्रतिजैविक एकटेच लावत राहिल्यास मुरुमांना हातभार लावणाऱ्या क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस या जिवाणूंपैकी त्याला न जुमानणारे तेवढे टिकून वाढतात, आणि त्वचेवरच्या स्टॅफिलोकोकससारख्या इतर जिवाणूंतही प्रतिरोध येऊ शकतो. म्हणूनच त्वचारोगतज्ज्ञ जोडीला बेन्झॉइल पेरॉक्साइड देतात, कारण ते ऑक्सिडीकरणाने जिवाणू मारते आणि त्याला प्रतिरोध आढळत नाही (उशांचे अभ्रे मात्र विटतात, हे आमच्या घरी उशिरा कळले). शिवाय साधारण 12 आठवड्यांनी प्रतिजैविक थांबवून हे तज्ज्ञ पुढे ॲडापॅलीनसारख्या, प्रतिजैविक नसलेल्या औषधावर भर देतात. विक्रेत्यांनी निदान ‘किती दिवसांपासून लावता?’ एवढे तरी विचारावे, आणि आपल्या आरोग्य पुरवणीने हा विषय एकदा सविस्तर घ्यावा, ही विनंती.

आपला,
एक वाचक, इंदूर