सूचना: शनिवारची दुधाबद्दलची बैठक

मैत्रिणींनो, येत्या शनिवारी दुपारी ४ वाजता नेहमीच्याच खोलीत बसू. सातवा महिना लागलेल्या सगळ्यांनी यावं, नवऱ्याला किंवा आईलाही आणा. स्तनपान सल्लागार ताई येणार आहेत.

गेल्या आठवड्यात तिघींनी एकच विचारलं: "अजून एक थेंबही येत नाही, बाळाला दूध पुरेल ना?" बाळंतपणाआधी चीक (सुरुवातीचं घट्टसर दूध) गळला काय, न गळला काय, त्यावरून पुढचं दूध ठरत नाही. स्तनांच्या आकारावरूनही नाही. बाळ जन्मल्यावर वार (प्लासेंटा) पडली की प्रोजेस्टेरॉन हे गरोदरपणातलं हार्मोन उतरतं आणि साधारण २ ते ४ दिवसांत दूध भरून येतं. तोवर चीक पुरतो. पहिल्या दिवशी बाळ एका वेळी चमचाभरच पितं.

- पिळून बघू नका. डॉक्टरांना विचारल्याशिवाय पंप तर नाहीच.
- स्तनांची शस्त्रक्रिया, थायरॉइड, पीसीओएस (अंडाशयाचा हार्मोनचा त्रास), मधुमेह असेल किंवा गरोदरपणात स्तनांत काहीच बदल जाणवला नसेल, तर डॉक्टरांना आत्ताच सांगा. ही काळजी खरी, बाकीची बहुतेक शेजारच्या काकूंची.
- प्रश्न शुक्रवार रात्रीपर्यंत पाठवा.

डब्याची पावडर आधीच आणून ठेवली असेल, तर लाजू नका, तेही बोलू.