बी बैलाचा, डी डवऱ्याचा: ताईंना पत्र

ताई,

सप्रेम नमस्कार. हे सगळ्यांसमोर लिहितोय, कारण तुमचं काम गावाला कळायला पाहिजे.

दारव्हा तालुक्यातल्या आमच्या शेतकरी गटाची यादी माझ्याकडे असते: नाव, गट नंबर, बँक खातं. मागच्या हंगामात कापसाच्या चुकाऱ्याची यादी या फोनवरून त्या फोनवर फिरली आणि एका खात्याचा एक आकडा बदलला. एका मावशीचे पैसे दोन महिने अडकले. आकडा कोणी बदलला, शेवटपर्यंत कळलं नाही.

तुम्ही माझ्या लॅपटॉपवर क्लिओपात्रा, म्हणजे फाइलला कुलूप लावायचं आणि डिजिटल सही करायचं सॉफ्टवेअर, टाकून दिलं, किल्ल्यांची जोडी बनवली. सार्वजनिक किल्ली कोणालाही द्या, खाजगी मात्र सख्ख्या भावालाही नाही. कोणती कुठं लावायची यात मी दोन दिवस गोंधळलो. तेव्हा तुम्ही म्हणाल्या, "दादा, कुलूप त्याचं, सही आपली." म्हणजे कुलूप ज्याला पाठवायचं त्याच्या सार्वजनिक किल्लीनं, सही आपल्या खाजगी किल्लीनं. तेवढ्यानं डोक्यात बसलं.

यवतमाळच्या हिशेबनीसांची किल्ली ईमेलवर आली, मी लगेच वापरायला निघालो. तुम्ही थांबवलं. "त्यांचा आवाज ओळखता ना? फोन लावा, ठसा वाचून घ्या." ठसा म्हणजे किल्लीची ओळख पटवणारी अक्षरं-आकड्यांची ओळ. रेंज फक्त मारुतीच्या पारावर. लॅपटॉप मांडीवर, चाळीस अक्षरं, चार-चारचे दहा गट. बी म्हटलं की डी ऐकू यायचं. मग तुम्हीच सुचवलं: बी बैलाचा, डी डवऱ्याचा, एफ फवारणीचा. फोन तीनदा कटला, तीनही वेळा पहिल्यापासून वाचायला लावलं. दहावा गट जुळला तेव्हा तुम्ही टाळी वाजवली.

मग सही केलेल्या यादीत मला मुद्दाम एका चारचा नऊ करायला लावला. तपासलं, लाल पट्टी. परत चार केला, हिरवी. मावशी शेजारीच बसल्या होत्या. "म्हणजे माहे पैसे आता कोणी पळवणार नाही?" तुम्ही त्यांना खोटा धीर दिला नाही. म्हणाल्या, "आकडा बदलला तर पैसे सोडायच्या आधी कळेल."

फिल झिमरमननं 1991 साली पीजीपी, म्हणजे असंच कुलूप-सहीचं सॉफ्टवेअर, लोकांना फुकट दिलं आणि त्यापायी 1993 ते 1996 अमेरिकन सरकारची चौकशी सोसली, हे तुम्ही चहा पिताना सांगितलं. तुम्हीही आमच्याकडून रुपया घेतला नाही.

खाजगी किल्ली हरवली किंवा चोरीला गेली तर ती रद्द करायचं प्रमाणपत्र पेनड्राइव्हवर टाकून सातबाऱ्याच्या पेटीत ठेवलंय. यंदाच्या तीनही याद्या सहीनिशी गेल्या, मावशीचे चुकारे वेळेवर जमा झाले. किल्लीची मुदत दोन वर्षांची आहे. वाढवायची कशी ते आता मला येतं, तरी तेव्हा तुम्ही याच. हुरड्याच्या दिवसांत या.

तुमचा,
गटाचा सचिव