मरेचे पाच महिने

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर खेळात परतलेल्या खेळाडूंवर मंगळवारच्या क्रीडा पानावर जे अर्धं पान आलं, ते वाचून रात्रभर झोप लागली नाही. टेनिसपटू मरेबद्दल चौकटीत ठळक अक्षरांत छापलंय : अँडी मरे पाच महिन्यांत विजेता. हेच वाक्य मी आधीही ऐकलं आहे, म्हणून लिहिते आहे.

माझी मुलगी सतरा वर्षांची. खो-खो खेळते. गेल्या वर्षी तिच्या उजव्या खुब्याची दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाली. मांडीच्या हाडाचा गोळा ज्या खोबणीत बसतो, तिच्या कडेची गादी फाटली होती, ती शिवली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, सहा महिन्यांच्या आत मैदान नाही, आणि त्यानंतरही दोन्ही पायांची ताकद तपासल्याशिवाय नाही. चौथ्या महिन्यात तिच्या प्रशिक्षकांनी मोबाइलवर असंच एक कात्रण दाखवलं. मरे पाच महिन्यांत कप उचलतो, तुला चौकात नुसतं बसायला काय होतंय?

नुसतं बसणं! मी स्वतः शाळेत सहा वर्षं खो-खो खेळले आहे. आठ जणी ओळीने उकिडव्या बसतात, पाठीवर थाप पडली की त्याच बैठकीतून सुटायचं. खुबा पूर्ण दुमडलेला, आणि सगळा जोर तिथूनच लावायचा. तिसऱ्या खोला माझी मुलगी उठली, दोन पावलं टाकली आणि जांघ धरून खाली बसली. मला फोन आला तेव्हा मी ऑफिसात होते. मैदानावर पोचेपर्यंत ती रडत नव्हती, सरांची माफी मागत होती. ते मला आजही सहन होत नाही.

आता मरेचं. त्याची दुर्बिणीची शस्त्रक्रिया जानेवारी 2018 मध्ये मेलबर्नला झाली होती. तिने त्याचं दुखणं गेलं नाही. वर्षभराने, जानेवारी 2019 मध्ये, त्याच शहरात पत्रकारांसमोर त्याला रडू आवरेना. बूट-मोजे घालतानाही दुखतं, असं तो म्हणाला होता. त्यानंतर 28 जानेवारीला लंडनमध्ये त्याच्या मांडीच्या हाडाच्या गोळ्यावर धातूची टोपी आणि खोबणीत धातूची वाटी बसवली. जूनमध्ये लंडनच्या क्वीन्स स्पर्धेत तो जिंकला ते दुहेरीत, फेलिसियानो लोपेझच्या साथीने. एकेरीत उतरायला ऑगस्ट उजाडला आणि तिथे पहिलाच सामना तो हरला. एकेरीची स्पर्धा जिंकली ती ऑक्टोबरमध्ये, अँटवर्पला. म्हणजे जवळपास नऊ महिने, तेही बत्तीस वर्षांच्या, अनेक वर्षं व्यावसायिक टेनिस खेळलेल्या माणसाला. यातलं काहीच आपल्या चौकटीत नाही. माझ्या मुलीची शिवलेली गादी जुळून यायची होती. मरेच्या खुब्यात तर धातू बसवला होता. या दोन शस्त्रक्रियांचे महिने एकाच पट्टीने मोजायचे कसे?

त्याच पानावर टेनिसपटू राफेल नदाल आहे. जून 2023 मध्ये शस्त्रक्रिया, जानेवारी 2024 मध्ये ब्रिस्बेनला पुनरागमन, इथपर्यंत बातमी बरोबर. पण ब्रिस्बेनलाच त्याचा स्नायू दुखावला आणि त्याला ऑस्ट्रेलियन ओपन सोडावी लागली, हे का गाळलं? आमच्यासारख्या पालकांना नेमकं तेच वाचायला हवं होतं.

आणखी एक. बातमीत तीन ठिकाणी 'कंबरेची शस्त्रक्रिया' असं छापलं आहे. खुबा म्हणजे कंबर नव्हे. आपल्याला हे शब्दावरचं भांडण वाटेल, पण माझ्या मुलीचे आठ महिने याच गोंधळात गेले. खुब्याच्या सांध्याचं दुखणं बहुतेकदा जांघेत जाणवतं. ती जांघ दाखवायची, आम्ही घरात 'कंबर भरलीय' म्हणायचो. जवळच्या दवाखान्यातून कंबरपट्टा आणला, तेल चोळलं, एक्स-रेही काढला तो कंबरेचाच. मोठ्या डॉक्टरांनी तिला उताणं झोपवून गुडघा छातीकडे नेला, आतल्या बाजूला वळवला आणि ती ओरडली, तेव्हा दुखणं कुठे आहे ते कळलं. मराठीत 'खुबा' हा सरळ, सगळ्यांना कळणारा शब्द असताना मराठी वर्तमानपत्राने तो का टाळावा?

चौथ्या महिन्यातल्या त्या दिवसामुळे पुन्हा एमआरआय करावा लागला. टाके शाबूत होते. व्यायाम मात्र पहिल्यापासून सुरू करावे लागले. आता नववा महिना आहे. एकेका पायावर उडी मारून कोणता पाय किती लांब जातो ते मोजतात, ती चाचणी येत्या शनिवारी आहे. उजवा पाय अजून थोडा मागे आहे. मंगळवारचा आपला अंक मी तिच्या हाती पडू दिलेला नाही. हे पत्र छापलंत, तर ते पान तिच्या प्रशिक्षकांना मी स्वतः नेऊन देणार आहे.

आपली,
एका खो-खो खेळाडूची आई, सांगली