पुस्तके आहेत, बसायला जागा नाही : वाचनालयाच्या अंतर्गत पुनर्रचनेसाठी आवाहन

सांगलीच्या गावभागातील आपल्या सार्वजनिक वाचनालयाचे सर्व सभासद, वर्गणीदार आणि सांगलीकर नागरिक यांस सप्रेम नमस्कार.

हे आवाहन नव्या इमारतीसाठी नाही आणि पुस्तकांसाठीही नाही. आहे तीच दुमजली वास्तू आतून नव्याने मांडावी, म्हणजे कपाटे, टेबले, दिवे, वाटा आणि देवघेवीचे टेबल यांच्या जागा विचारपूर्वक ठरवाव्यात, असा निर्णय कार्यकारी मंडळाने घेतला असून त्यासाठी निधी, साहित्य आणि श्रम अशी तिन्ही प्रकारची मदत आम्ही मागत आहोत. ‘कपाटे हलवायला देणगी कशाला?’ असे वार्षिक सर्वसाधारण सभेत एका ज्येष्ठ सभासदांनी विचारले होते. प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तर जरा सविस्तर देत आहोत.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. तेथे इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट धरली जाते, हे येथे कोणाला सांगायला नको. वाचनालयाच्या तळमजल्यावर पाणी शिरले आणि ओसरल्यावर दार उघडले, तेव्हा एक गोष्ट आम्ही प्रथमच पाहिली : भिजलेला कागद फुगतो, त्यामुळे खणात गच्च बसवलेली पुस्तके हाताने ओढून निघत नाहीत. पार्टिकल बोर्डची कपाटे तर दारांसकट फुगून बसली होती, ती पहारीने उघडावी लागली. गुळगुळीत कागदावर छापलेल्या चित्रमय पुस्तकांची पाने एकमेकांना चिकटून त्यांच्या विटा झाल्या होत्या. वाचले ते आम्ही वरच्या मजल्यावरील वाचनकक्षात तात्पुरते नेऊन ठेवले. जुलै २०२१ मध्ये पुन्हा पूर आला तेव्हा खाली उरलेलेही वर गेले, आणि ती तात्पुरती व्यवस्था आजतागायत तशीच आहे.

परिणाम असा, की वरचा वाचनकक्ष आता वाचनकक्ष राहिलेला नाही. ४० फूट बाय २४ फुटांच्या त्या दालनातील ६०० चौरस फुटांहून अधिक जागा कपाटे आणि त्यांच्यामधल्या अरुंद बोळांनी व्यापली आहे. एका वाचकासाठी टेबल, खुर्ची आणि येण्याजाण्याची वाट धरून सुमारे २५ चौरस फूट जागा असावी, असा ग्रंथालय-रचनेतील सर्वसाधारण संकेत आहे. त्या हिशेबाने तेथे जेमतेम चौदा जण बसू शकतात. स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारी मुले सकाळी दार उघडण्यापूर्वीच पायरीवर येऊन थांबतात आणि उशिरा आलेली मुले जिन्यात बसून वाचतात. वर्तमानपत्रे वाचायला येणाऱ्या ज्येष्ठांना तोच जिना चढवत नाही, म्हणून त्यांच्यातील कित्येकांचे येणे बंद झाले. तळमजला मात्र पुराच्या धास्तीने जवळजवळ रिकामा पडून आहे.

दुसरी अडचण डोळ्यांना दिसत नाही, पण अधिक गंभीर आहे. भारतीय मानकांनुसार राहत्या घराच्या मजल्यासाठी दर चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे २०० किलो भार गृहीत धरतात; सात फूट उंचीच्या मांडण्यांनी भरलेल्या ग्रंथकोठीसाठी तोच आकडा ६ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे ६०० किलो आहे. आपला वरचा मजला सभा आणि व्याख्याने यांसाठी बांधलेला आहे, ग्रंथकोठीसाठी नाही. पुरापासून वाचवायचे म्हणून सगळी पुस्तके वर चढवणे वाटते तितके निर्धोक नाही, हे स्थापत्य अभियंत्यांनी पाहणीनंतर आम्हांला स्पष्ट सांगितले. दालनाच्या मध्यभागी उंच कपाटे ठेवू नयेत, भार भिंतींच्या आणि तुळयांच्या रेषेत घ्यावा, हा त्यांचा पहिला सल्ला होता आणि नव्या आराखड्याची सुरुवात तेथूनच झाली.

आराखड्यानुसार संदर्भग्रंथ, नियतकालिकांचे बांधीव खंड आणि नाटकांचा संग्रह वरच राहील, मात्र भिंतींच्या कडेने. (विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये जेथे ‘सीतास्वयंवर’ सादर केले, त्या गावातील वाचनालयात नाटकांचे कपाट माळ्याच्या शिडीमागे असावे, याची आम्हांलाच लाज वाटते.) मांडणी भिंतीला न टेकवता मागे चार-सहा बोटे जागा सुटेल, म्हणजे ओल आणि वाळवी वेळेत दिसेल. मध्यभागी केवळ टेबले येतील आणि चोवीस वाचकांची स्वतंत्र अभ्यासिका तेथे होईल. सध्या दालनातील दिवे कपाटांच्या आडवे टांगलेले असल्याने उजेड कपाटांच्या माथ्यावर पडतो आणि खालच्या खणातील पुस्तकांचे वर्गांक, म्हणजे कण्यावरचे विषयक्रमांक, वाचायला ग्रंथपालांना मोबाईलचा दिवा लावावा लागतो. नवे दिवे वाटांच्या रेषेत आणि टेबलांच्या बरोबर वर येतील. पूर्वेच्या दोन खिडक्या कपाटांनी बुजल्या आहेत, त्या मोकळ्या होतील. पश्चिमेच्या खिडकीला पडदे लागतील, कारण दुपारच्या उन्हाने पुस्तकांचे कणे विटतात.

तळमजल्यावर देवघेव, वर्तमानपत्रे, मुक्तद्वार पद्धतीने, म्हणजे वाचकाला स्वतः हाताळून निवडता येतील अशी मांडलेली कथा-कादंबऱ्यांसारखी सततच्या मागणीची पुस्तके आणि बालविभाग येईल. मुलांच्या मांडण्या चार फुटांहून उंच नसतील आणि चित्रांची पुस्तके मुखपृष्ठ दिसेल अशी ठेवली जातील, कारण लहान मूल कण्यावरचे नाव वाचून पुस्तक निवडत नाही. प्रवेशद्वाराशी एकास बारा उताराचा रॅम्प होईल आणि मांडण्यांमधील वाटा चाकाची खुर्ची जाईल इतक्या रुंद राहतील. ज्यांना जिना चढवत नाही त्यांनी खालीच मागणीचिठ्ठी द्यावी, वरचे पुस्तक लहान मालवाहू पाळण्यातून खाली येईल. एका सभासदांनी दोरीची टोपली सुचवली तेव्हा सभेत हशा पिकला, पण पाळण्याची कल्पना त्यातूनच निघाली.

मग पुन्हा पूर आला तर? तळातला खण फूटभर उंच केल्याने पुस्तके वाचतील, अशी खोटी आशा आम्ही बाळगत नाही. खालच्या सर्व मांडण्या लोखंडी आणि चाकांच्या असतील, पुस्तके त्यांवर उचलता येतील अशा क्रेटमध्ये राहतील आणि प्रत्येक क्रेटवर वरच्या मजल्यावरील त्याची जागा लिहिलेली असेल. ही जागाही अभियंत्यांनी आखून दिली आहे. आयर्विन पुलापाशी पाणी ४० फुटांना पोहोचले की हलवाहलव सुरू करायची, ४५ फुटांची वाट पाहायची नाही, असा नियम मंडळाने केला आहे. त्यासाठी हाकेसरशी येतील असे तीस स्वयंसेवक हवे आहेत आणि आमच्या दृष्टीने ही मदत रोख देणगीइतकीच मोलाची आहे.

या कामाचे अंदाजपत्रक ९,४०,००० रुपयांचे आहे. त्यातील ३,००,००० रुपये वाचनालय राखीव निधीतून देत आहे, उरलेल्या ६,४०,००० रुपयांसाठी हे आवाहन आहे. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम, १९६७ नुसार मान्यता असलेल्या आपल्या वाचनालयास शासनाचे परिरक्षण अनुदान मिळते, पण त्यातील मोठा वाटा वेतन आणि ग्रंथखरेदी यांवर खर्च होतो, हे येथे नमूद करणे आवश्यक आहे. एका लोखंडी मांडणीस १४,००० रुपये, तर चार खुर्च्यांसह एका अभ्यास-टेबलास १८,००० रुपये खर्च अपेक्षित आहे; एखाद्या कुटुंबाने किंवा मित्रमंडळाने एक नग उचलला तरी काम पुढे सरकेल. कुपवाड औद्योगिक वसाहतीतील फॅब्रिकेशनचे व्यवसाय करणाऱ्यांनी मांडण्या वस्तुरूपाने करून दिल्यास मापे आणि नकाशे आम्ही पुरवू. देणगीदारांची नावे एकाच फलकावर लागतील, प्रत्येक मांडणीवर नाही. याबद्दल राग नसावा, मांडणीच्या माथ्यावर विषयाचे नाव दिसणे वाचकाला अधिक उपयोगाचे आहे.

जुनी पुस्तके तूर्त आणू नयेत, ही विनंती मात्र आग्रहाची आहे. घर आवरताना निघालेली क्रमिक पुस्तके आणि मार्गदर्शके लोक प्रेमाने आणून देतात आणि नाही म्हणवत नाही, हेही आमची जागा संपण्याचे एक कारण आहे. जीर्ण व कालबाह्य प्रती दाखल नोंदवहीत रीतसर नोंद करून बाद करण्याचे काम सध्या चालू आहे. ते पूर्ण झाल्यावर कोणत्या विषयांची उणीव आहे याची यादी सूचनाफलकावर लावली जाईल.

काम दिवाळीनंतर सुरू करून मे महिन्याच्या आत संपवायचे आहे, जूननंतर तळमजल्यावर काही हलवण्याची आमची तयारी नाही. या काळात वाचनालय एकदम बंद न ठेवता एकेक मजला आळीपाळीने चालू राहील. देणगी शक्यतो धनादेशाने किंवा बँकेमार्फत द्यावी, कारण २,००० रुपयांवरील रोख देणगीस आयकर सवलत मिळत नाही. प्रत्येक देणगीची पावती त्याच दिवशी दिली जाईल आणि जमाखर्च दरमहा सूचनाफलकावर लावला जाईल. आराखड्याचा मोठा नकाशा देवघेवीच्या टेबलाशेजारी टांगला आहे. तो पाहून सूचना करायच्या असतील, तर शेजारच्या वहीत पंधरा दिवसांच्या आत लिहाव्यात, कारण त्यानंतर मापे कारागिरांकडे जातील.

आपले,
अध्यक्ष, कार्यवाह आणि कार्यकारी मंडळ
सार्वजनिक वाचनालय, गावभाग, सांगली