पोरांची भांडणं सोडवायला शिक्षकाला वेळ द्या : शालेय शिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

मा. शालेय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई यांस,

सप्रेम नमस्कार.

मी बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवते. शिक्षकांची पत्रं आपल्याकडे येतात ती बहुधा बदल्यांची, वेतनाची, रिक्त पदांची. हे पत्र पहिली ते चौथीच्या मुलांच्या भांडणांबद्दल आहे. विषय किरकोळ वाटेल. पण माझ्या वर्गातलं एखादं मूल वाचनात मागं का पडलं हे शोधायला गेलं, तर पुष्कळदा कारण निघतं ते त्याच्या शेजारी कोणी बसत नाही हे.

"मॅडम, ही मला खेळूच देईना." "मॅडम, ह्यानं माझं खोडरबर घेतलं अन् वरून मलाच हाणलं." दिवसभर हे कानावर येतं आणि आमची उत्तरंही ठरलेली असतात. जागेवर बस. दोघंही कान धरा. सॉरी म्हण बरं त्याला. सॉरी म्हटलं की भांडण मिटलं असं आम्ही मोठे धरून चालतो, मुलं तसं धरत नाहीत. सहा-सात वर्षांच्या पोराला समोरच्याच्या मनातलं अजून नीट ओळखता येत नाही. धक्का चुकून लागला तरी त्याच्या लेखी तो मुद्दाम दिलेला असतो. नवव्या-दहाव्या वर्षी गट पडतात, गुपितं सुरू होतात, आणि हात उगारण्यापेक्षा बोलणं बंद करणं जास्त लागतं. पहिलीतल्या पोराला जे सांगायचं ते चौथीतल्या पोरीला सांगून चालत नाही.

शिवाय प्रत्येक तक्रार म्हणजे भांडण नसते. तीच तिघं-चौघं रोज त्याच एका मुलाला चिडवतात, त्याच्या तोतरं बोलण्यावरून, आईच्या कामावरून, आडनावावरून. याला छळ म्हणतात. भांडणात दोघांना समोरासमोर बसवता येतं. छळात तसं बसवलं तर दबलेलं मूल आणखी दबतं. तिथं मोठ्या माणसानं सरळ मध्ये पडायचं असतं, आणि नुसती बघत उभी राहणारी बाकीची पोरं असतात त्यांना विश्वासात घ्यायचं असतं, कारण त्यांनी हसणं थांबवलं की चिडवणाऱ्याचा जोर निम्मा होतो.

हे मला डी.एड.ला कुणी शिकवलं नाही. बालमानसशास्त्राचा पेपर होता, तो पाठ करून सोडवला. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास या दोन्हींवर बंदी आणली. छडी गेली हे फार चांगलं झालं. पण तिच्या जागी काय करायचं हे शिक्षकाला कुणी दाखवलं नाही, आणि म्हणून आज एक तर ओरडणं आहे, नाहीतर दुर्लक्ष.

साहेब, आमच्या भागात मैत्री तुटण्याचं एक कारण कारखान्याच्या हंगामात आहे. दसरा-दिवाळी झाली की बीड, जालना, परभणी या जिल्ह्यांतून ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, त्या मार्च-एप्रिलला परततात. मुलं गावात राहावीत म्हणून शासनानं हंगामी वसतिगृहं सुरू केली, त्यांचा आधार मोठा आहे. तरी बरीच मुलं आईबापासोबत जातातच. तान्ह्या भावाला सांभाळायला थोरली बहीण लागते.

अशीच एक तिसरीतली मुलगी पाडव्यानंतर परत आली. जायच्या आधी तिची आणि तिच्या मैत्रिणीची बसकरपट्टी एक, खिचडीला बसायची जागा एक. परतली तेव्हा तिथं दुसरी मुलगी बसत होती. हिनं तिची वही फाडली. "फडावर राहून पोरगी मारकुटी झाली," असं शाळेतली मोठी माणसंसुद्धा बोलून मोकळी झाली. मी तिघींना मधल्या सुट्टीत लिंबाखाली घेऊन बसले. नियम एवढाच ठेवला की एकीनं बोलायचं, बाकीच्यांनी मध्ये तोंड घालायचं नाही, आणि मग जे ऐकलं ते ऐकणारीनं स्वतःच्या तोंडानं परत सांगायचं. बराच वेळ नुसतं "तिनंच आधी" चाललं. मग मैत्रीण एकदम म्हणाली, "ती मला सांगून गेली नाही." ते परत सांगताना हिचा आवाज फुटेना. गाडी रात्री भरली होती, तिलाच झोपेतून उठवून बसवलं होतं. "मी कोपीवर रोज तुझं नाव घ्यायचे," ती म्हणाली. कोपी म्हणजे ऊसतोड्यांची तात्पुरती झोपडी. तोवर तिसरी रडायला लागली, कारण आता आपली जागा जाणार हे तिला कळलं होतं. शेवटी बसकरपट्टी आडवी टाकून तिघींनी बसायचं, हे त्यांनीच ठरवलं. मी सुचवलं नाही. आठवडाभरात त्यांच्यात पुन्हा कट्टी झाली, पुन्हा मिटली. वही मात्र परत कुणी फाडली नाही.

मला ती मधली सुट्टी मिळाली, कारण खिचडीकडे त्या दिवशी मुख्याध्यापकांनी बघितलं. एरवी ती मिळत नाही. कायद्यानं साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक. मधल्या सुट्टीत एकानं खिचडीची चव घ्यायची, वाढप बघायचं, दुसऱ्यानं किती मुलं जेवली ते मोबाईलवर भरायचं, तेवढ्यात आणखी कुठली तरी माहिती 'तात्काळ' मागवलेली असते. आणि पोरांची भांडणं वर्गात कमी होतात. ती होतात रांगेत, नळावर, शौचालयाच्या मागं, म्हणजे नेमकी आमची मान मोबाईलमध्ये असते तेव्हा.

एक गोष्ट जड मनानं लिहिते. गेल्या काही वर्षांत आरक्षणाच्या प्रश्नावरून मराठवाड्यातल्या गावागावांत जी कटुता आली, ती वर्गाच्या दारात थांबलेली नाही. आठ वर्षांचं पोरगं मला म्हणालं, "आमच्या पप्पांनी सांगितलंय, ह्याच्यासंग बसायचं नाही." आदल्या दिवसापर्यंत दोघं एका वाटीत पाणी पिणारे. त्याला रागवून काय उपयोग? तो फक्त निरोप पोचवत होता. अशा वेळी शिक्षकानं पालकाशी काय बोलायचं, शाळा व्यवस्थापन समितीत हा विषय कसा काढायचा, यासाठी आम्हाला खरोखर मदत हवी आहे. गावात एकटा शिक्षक हे बोलायला घाबरतो, आणि त्याचं घाबरणं खोटं नाही.

नवीन योजना मागत नाही. २००९ मध्ये शांतिलाल मुथ्था फाउंडेशनचा मूल्यवर्धन कार्यक्रम आमच्याच बीड जिल्ह्यातल्या जिल्हा परिषद शाळांत सुरू झाला आणि पुढं राज्यभर गेला. जोडीनं बोलणं, गटानं खेळणं, वर्गाचे नियम मुलांनीच ठरवणं हे आमच्या पोरांना नवं नाही. २०२४ मध्ये आपल्याच विभागानं पहिली ते आठवीसाठी 'आनंददायी शनिवार' आणला. त्याच्या विषयांत नातेसंबंध हाताळण्याचं कौशल्यही आहे. तो शनिवार आम्हाला खरोखर मिळू द्या. आज तो कुठला तरी दिन साजरा करण्यात आणि त्याचे फोटो पाठवण्यात जातो.

प्रशिक्षणही वेगळं नको. आमच्या केंद्रात, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटात, दर महिन्याला शिक्षकांची शिक्षण परिषद होते. तिथं एखाद्या शिक्षकानं आपल्या वर्गातलं खरं भांडण, मुलांची नावं न घेता, मांडावं आणि बाकीच्यांनी आपण काय केलं असतं ते करून दाखवावं. एक तास पुरेल. भाषणं आणि पीपीटी नकोत. हंगामी वसतिगृहात पोरांना जेवू घालणाऱ्या ताईंनाही त्या तासाला बोलवा. संध्याकाळी पोरगं रुसून बसलं की त्याच्याशी त्याच बोलतात. आणि मधल्या सुट्टीत शिक्षकाकडून कुठलीही ऑनलाइन माहिती मागू नये, असं एक साधं परिपत्रक काढा. खिचडीचा आकडा शाळा सुटल्यावर भरला तरी तो तोच राहतो.

शेवटची मागणी सगळ्यात छोटी. स्थलांतर करणाऱ्या मुलांना आपण शिक्षण हमी कार्ड देतो. मूल कोणत्या वर्गात आहे, त्याला काय येतं, हे त्यात असतं. त्यात एक ओळ वाढवा : हे मूल कोणासोबत बसतं, त्याला कोणता खेळ आवडतो. तिकडच्या शाळेतल्या शिक्षकाला पहिल्या दिवशी बोलायला काहीतरी मिळेल, आणि परतल्यावर त्याची जागा कुणाशेजारी होती हे आम्हालाही, मधल्या काळात शिक्षक बदलला तरी, कळेल. टोळ्या निघण्याआधी ही कार्डं भरून मुलांच्या हातात द्यावी लागतात. ही ओळ या दसऱ्याच्या आत कार्डात यावी, एवढं आपण बघा.

आपली विश्वासू,
एक प्राथमिक शिक्षिका
जि. बीड