रविवारी ५ वाजता सगळ्यांनी हॉलमध्ये या (पुराच्या भीतीबद्दल)

मंडळी, २२ जुलै २०२१ चा वाशिष्ठीचा पूर ओसरला पण रात्री पाऊस जोरात लागला की चिपळुणात आपल्यातल्या कित्येकांना अजून झोप येत नाही, छातीत धडधडतं, सारखं उठून पाणी कुठपर्यंत आलं बघतात. हा भित्रेपणा नाही, मनाला बसलेला धक्का आहे आणि त्यावर उपचार होतात.

रविवारी संध्याकाळी ५ ला सोसायटीच्या हॉलमध्ये समुपदेशक ताई येतायत.

- तळमजलावाल्यांनी नक्की या, आजी-आजोबांनापण आणा
- बोलायची सक्ती नाही, नुसतं बसलात तरी चालेल
- तिथलं बोलणं बाहेर न्यायचं नाही

आणि प्लीज, पुराचे जुने व्हिडिओ ग्रुपवर टाकू नका, काहींना खरंच त्रास होतो.

जमत नसेल तर टेली-मानस (सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन) १४४१६ ला फोन करा, फुकट आहे, रात्रीपण लागतो, मराठीत बोलता येतं.