कापरेकर रशियन नव्हेत, डहाणूचे!

महोदय,

ग्राफिक कार्डांवरचा तुमच्या अंकातला लेख आवडला. एनव्हीडिया कंपनी चिपच्या पिढ्यांना पास्कल, ट्युरिंग, हॉपर, ब्लॅकवेल अशी संशोधकांची आडनावं देते, हे वाचून आमच्या क्लासमधली मुलं खूश झाली. त्यांना ही नावं गेमिंगमुळे पाठच आहेत. पण प्रोग्रामिंग शिकताना तीच मुलं ‘कापरेकर’ नावाचं फंक्शन लिहितात, आणि ते रोमन अक्षरांत वाचून हा कोणी रशियन असावा असं एकाने मला सांगितलं. क्लास डहाणूत, मुलगा शेजारच्या चिंचणीचा!

गणितज्ञ दत्तात्रय रामचंद्र कापरेकर १९०५ साली डहाणूतच जन्मले. देवळालीला शाळामास्तर होते. पदव्युत्तर पदवी नाही, त्यामुळे इथल्या विद्वानांनी फारसं मोजलं नाही. १९७५ साली गणितावर सोप्या भाषेत लिहिणारे मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकी मासिकात त्यांच्याबद्दल लिहिलं, तेव्हा कुठे नाव झालं. आपलं नेहमीचंच.

त्यांचा ६१७४ हा स्थिरांक १९४९ सालचा. सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या, अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करा, उत्तराला पुन्हा तेच. जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत ६१७४ येतेच. त्यांचं जन्मसाल घेतलंत तर पुऱ्या सात लागतात.

संगणकाला हे सोपं वाटतं, पण २१११ दिली की भल्याभल्यांचा प्रोग्राम फसतो. २१११ वजा १११२ म्हणजे ०९९९. संगणक पुढचं शून्य टाकून देतो, मग ९९९ वजा ९९९ करून शून्यावर अडकतो. ते शून्य जपलं तर ९९९० वजा ०९९९, म्हणजे ८९९१, आणि गाडी पुढे चालते. संख्या आणि अंकांची ओळ यातला फरक मुलांना इथेच पहिल्यांदा कळतो. म्हणून मी हा प्रोग्राम कधीच गाळत नाही.

त्यांचं नाव एखाद्या रस्त्याला द्या, असं मी म्हणणार नाही. आमच्या खाऱ्या हवेत पाटी दोन पावसाळ्यांत गंजते. प्रात्यक्षिकांच्या वह्या छापणाऱ्यांनी त्या प्रोग्रामखाली त्यांच्याबद्दल दोन ओळी टाकाव्यात. आणि तुम्ही मुलांच्या पानावर २१११ चं कोडं छापा. उत्तर मात्र पुढच्या रविवारपर्यंत देऊ नका.

– एक संगणक शिक्षिका, डहाणू